उन्हाळ्यात तान्हे बाळ घराबाहेर किती वेळ ठेवावे?

(बाळ सांभाळणाऱ्या भगिनी, त्यांना कामावर ठेवणारे पालक आणि अभ्यासवर्गाचे विद्यार्थी यांच्यासाठी)

आपल्या समाजातील कितीतरी भगिनी मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत दुसऱ्यांची मुले सांभाळण्याचे काम करतात. कुणी त्यांना आया म्हणते, कुणी मावशी, कुणी ताई. दुसरीकडे, शिकून नोकरीला लागलेली आपलीच पिढी आता स्वतःच्या घरी बाळासाठी बाई ठेवू लागली आहे. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत. कामाचे तास, पगार, सुट्टी यांविषयी सुरुवातीला थोडेफार बोलणे होते. उन्हाविषयी मात्र कुणी बोलत नाही. ‘संध्याकाळी जरा खाली फिरवून आण’ एवढीच सूचना असते. संध्याकाळ म्हणजे चार की सहा, जरा म्हणजे पंधरा मिनिटे की दोन तास, हे बाईने आपल्या अंदाजाने ठरवायचे आणि काही झाले तर बोलणीही तिनेच खायची. प्रस्तुत पाठात आम्ही या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार वैद्यकीय माहिती आणि धम्म अशा दोन्ही अंगांनी करणार आहोत.

आधी थेट उत्तर

सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हाळ्यात थेट उन्हात ठेवूच नये. त्याला बाहेर न्यायचे ते सावलीत. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या भागांत एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत अर्धा तास आणि संध्याकाळी सहानंतर, जमीन निवल्यावर, वारा बरा असेल आणि बाळ खुशीत असेल तोवर. सहा महिन्यांवरील बाळाला याच वेळांत अर्धा-पाऊण तास फिरवावे, मग दूध किंवा पाणी पाजावे आणि घरी आणावे. उष्णतेच्या लाटेत दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, असे शासन मोठ्या माणसांना सांगते. तान्ह्या बाळासाठी आम्ही या वेळेच्या अलीकडे-पलीकडे एकेक तास जोडू, म्हणजे अकरा ते चार. मुंबई-कोकणात तापमापकातील पारा कमी दिसतो म्हणून फसू नये. तेथील हवेत दमटपणा असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणूनच हवामान खाते मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच.

हे आकडे म्हणजे कायदा नव्हे. ढगाळ दिवशी थोडे जास्त चालेल, लू वाहत असेल त्या दिवशी सकाळचे फिरणेही टाळावे. घड्याळ एकदा पाहावे आणि बाळाकडे दहा वेळा पाहावे.

बाळाला ऊन लवकर का बाधते

बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा विस्तार मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते आणि अंगातील पाणीही लवकर कमी होते. त्याला मोठ्यांसारखा घाम येत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला ‘तहान लागली’ असे सांगता येत नाही, स्वतःहून सावलीला सरकता येत नाही, अंगावरचे टोपडे काढून फेकता येत नाही. त्याच्या वतीने हे सारे दुसऱ्या कुणीतरी ओळखायचे असते.

बाळ तापले की नाही हे हातापायांवरून कळत नाही. मानेमागे, छातीवर किंवा पोटावर हात ठेवून पाहावे. घरात आल्याबरोबर टोपडे काढावे, कारण बाळाच्या अंगातील बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. उन्हाळ्यात मोजे, हातमोजे, लोकरीचे दुपटे यांचे काही काम नाही. धुतलेले मऊ सुती झबले पुरे. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून चादर टाकण्याची पद्धत फार दिसते. ती धोक्याची आहे. चादरीखाली वारा खेळत नाही आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापते. बाबागाडी डांबरी रस्त्याच्या जवळ असते, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला जेवढी झळ लागते त्यापेक्षा जास्त बाळाला लागते, हेही ध्यानात घ्यावे. बागेतील लोखंडी घसरगुंडी, पाळण्याची साखळी, दुचाकीचे सीट यांवर बाळाला ठेवण्यापूर्वी आपल्या हाताची पालथी बाजू टेकवून पाहावी. बंद मोटारीत बाळाला पाच मिनिटेदेखील एकटे ठेवू नये, मग काच थोडी उघडी असो वा नसो.

पाण्याविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका या बाबतीत सहसा ऐकत नाहीत. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरचे पाणी द्यायचे नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. आईच्या दुधात शेकडा सुमारे ८८ भाग पाणीच असते. उन्हाळ्यात दूध पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात, म्हणजे दूध आणि पाणी दोन्ही मिळते. गुटी, मध, साखरपाणी, पन्हे हे काही नको. डब्यातील दूध पीत असेल तर ते डब्यावर लिहिलेल्या मापानेच करावे, उन्हाळा आहे म्हणून पातळ करू नये. आईने काढून ठेवलेले दूध बाटलीत घालून बागेत तासन्‌तास फिरवू नये, उन्हाळ्यात ते लवकर नासते. घामोळ्यांवर पावडर थापू नये. ती हवेत उडून बाळाच्या श्वासात जाते. साध्या पाण्याने अंग पुसावे आणि कोरडे ठेवावे.

कोवळ्या उन्हाचा प्रश्न

‘तेल लावून बाळाला कोवळे ऊन दाखवावे, हाडे बळकट होतात’, हे आपल्याकडे घरोघर ऐकू येते. यात थोडे तथ्य आहे, पण जेवढे मानले जाते तेवढे नाही. हाडांना लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व कातडीत तयार होते ते सूर्याच्या अतिनील किरणांनी, आणि हे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फारच कमी असतात. ते भरपूर असतात दुपारी, जेव्हा बाळाला बाहेर काढणे धोक्याचे असते. शिवाय सावळ्या कातडीला यासाठी जास्त वेळ लागतो. तेव्हा उन्हाच्या भरवशावर न राहता बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देतात. दिवसाला ४०० युनिट हे त्याचे प्रमाण आहे. थेंब चालू असतील तर हाडांसाठी म्हणून बाळाला उन्हात धरून बसण्याचे कारण उरत नाही. सकाळी दहा मिनिटे अंगणात नेले, पाखरे दाखवली, तर ते आनंदासाठी. तेवढे कारण आम्हाला पुरेसे वाटते.

नवजात बाळ पिवळे दिसू लागले तर ‘उन्हात धरा, उतरेल’ असे सांगणारेही भेटतात. ही कावीळ कधी साधी असते, कधी मेंदूला इजा करणारी असते आणि दोहोंतील फरक घरी कळत नाही. अशा बाळाला उन्हात नव्हे, दवाखान्यात न्यावे.

पत्र्याच्या घरात काय करावे?

आतापर्यंतचा विचार पंखा, गच्ची, बाग असलेल्या घरातील बाळाचा झाला. परंतु त्या बाळाला सांभाळणारी भगिनी सकाळी स्वतःचे मूल कुणाकडे ठेवून येते? म्हाताऱ्या सासूकडे, शेजारणीकडे, नाहीतर दहा-बारा वर्षांच्या मोठ्या मुलीकडे. ते घर बहुधा पत्र्याचे असते आणि दुपारी वीज गेलेली असते. अशा घरात प्रश्न उलटा होतो. बाळाला बाहेर किती वेळ ठेवावे हे विचारण्याऐवजी आत किती वेळ ठेवावे हे विचारावे लागते.

तापलेल्या पत्र्याखालची खोली भर दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षा गरम असते. तेव्हा बाळाला घरातच ठेवा, हा सरसकट सल्ला वस्तीतील मातेसाठी चुकीचा ठरतो. वस्तीत कडुलिंब, पिंपळ, वड यांपैकी एखादे दाट सावलीचे झाड असेल, समाजमंदिर किंवा विहाराची पक्की, हवेशीर खोली असेल, तर दुपारी बाळाला तिथे नेणे हिताचे आहे. पत्र्याला वरून पांढरा चुना मारावा, पत्र्याखाली तट्ट्या किंवा जुन्या साड्यांचे छत ताणावे, दारा-खिडकीला ओले गोणपाट लावावे. कूलर असेल तर एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो. आणि त्याचा झोत सरळ बाळावर घेऊ नये.

छताचा परिणाम किती होतो याचे एक उदाहरण अहमदाबादचे आहे. मे २०१० मध्ये त्या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला. तेथील एका रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीच्या खाली होता. उन्हाने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या वाढली. पुढे तो कक्ष खालच्या मजल्यावर हलविण्यात आला आणि ही संख्या कमी झाली. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. फक्त मजला बदलला. २०१३ साली अहमदाबादने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला आणि मग नागपूरसह इतर शहरांनी तो मार्ग धरला.

दहा-बारा वर्षांच्या मुलीवर तान्हे बाळ सोपविण्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. तिचीही शाळा असते, तिलाही ऊन लागते. परंतु ज्या मातेपुढे दुसरा मार्ग नाही तिला दोष देऊन काय होणार? त्या मुलीला या पाठातील चार गोष्टी तरी शिकवाव्यात आणि शेजारच्या एका जाणत्या बाईचे लक्ष राहील असे पाहावे. महिला मंडळांनी उन्हाळ्याचे दोन महिने विहारात पाळणाघर चालविले तर त्याहून चांगले.

धात्री आणि मालक

बौद्ध वाङ्मयात बाळ सांभाळणाऱ्या स्त्रीला ‘धाती’, म्हणजे धात्री, असे म्हटले आहे. सिद्धार्थाची माता महामाया सातव्या दिवशी गेली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढविले, हे सर्वांना ठाऊक आहे. अट्ठकथेत असे येते की तिने आपला मुलगा नंद धात्रींच्या स्वाधीन केला आणि सिद्धार्थाला स्वतःचे दूध पाजले. आपले मूल दुसरीकडे ठेवून दुसरीचे मूल वाढविणाऱ्या आजच्या भगिनींनी ही गोष्ट आपली समजावी. अर्थात राजवाड्यात नंदासाठी धात्री होत्या, वस्तीत नसतात.

दुसरी कथा तर आपल्या विषयाचीच आहे. निदानकथेत वप्पमंगलाचे, म्हणजे पेरणीच्या उत्सवाचे वर्णन आहे. बाळ सिद्धार्थाचे अंथरूण जांभळाच्या झाडाखाली घातले होते, भोवती कनात होती, धात्री नेमलेल्या होत्या. राजा सोन्याचा नांगर धरतो आहे हे पाहण्यासाठी त्या एकेक करीत बाहेर गेल्या आणि तिकडेच रेंगाळल्या. परत येऊन पाहतात तो बाळ ध्यानस्थ बसलेले, आणि इतर झाडांच्या सावल्या कलल्या तरी जांभळाची सावली जागची हललेली नाही! श्रद्धाळू मन या चमत्काराशी थांबते. आमच्या दृष्टीने त्यातील साधी गोष्ट महत्त्वाची आहे. सावली कलते, हे कथाकाराला माहीत होते. सकाळी सावलीत ठेवलेले बाळ तासाभराने उन्हात आलेले असते. आपल्या बाळांसाठी कोणतेही झाड सावली धरून ठेवणार नाही, म्हणून अंथरूण सरकवायला जवळ माणूस हवे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात शेतावरील जो प्रसंग रंगविला आहे त्यात वेगळेच दिसते. तेथे तरुण सिद्धार्थ रणरणत्या उन्हात अपुऱ्या वस्त्रांनिशी राबणारे मजूर पाहतो, हेलावतो आणि एकाने राबावे व दुसऱ्याने त्याचे फळ खावे हे योग्य आहे काय, असे मित्रांना विचारतो. बाळाच्या सावलीइतकीच मजुराच्या डोक्यावरच्या उन्हाची चिंता या ग्रंथाने आपल्याला दिली, असे आम्हाला वाटते.

मज्झिमनिकायात अभयराजकुमार सुत्त आहे. राजकुमाराच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. तथागतांनी त्याला विचारले, तुझ्या किंवा धात्रीच्या प्रमादामुळे या मुलाने काडी वा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, मी तो काढीन, डाव्या हाताने डोके धरून उजव्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरी काढीन. कारण मला मुलाविषयी अनुकंपा आहे. हे सुत्त वाणीविषयी आहे, कोणते बोलणे केव्हा बोलावे याविषयी. पण ‘तुझ्या किंवा धात्रीच्या’ हा क्रम विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. प्रमादाचा विचार करताना तथागतांनी आधी घरच्या माणसाचे नाव घेतले आणि मग सांभाळणारीचे. आपल्याकडे काय चालते? बाळ उन्हाने आजारी पडले की पहिला शब्द ‘बाईने लक्ष दिले नाही’ हाच असतो.

सिगालोवाद सुत्तात मालकाने सेवकाशी पाच प्रकारे वागावे असे सांगितले आहे: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, विशेष पदार्थ वाटून खावेत, वेळेवर सुट्टी द्यावी. उन्हाळ्यात याचा सरळ अर्थ लावता येतो. जी बाई बाळाला घेऊन खाली जाते तिच्या पायात चपला हव्यात, हाती पाण्याची बाटली हवी, बसायला सावलीतली जागा हवी. काही इमारतींत घरकामाच्या बायांना बागेतील बाकावर बसू देत नाहीत, लिफ्ट वेगळी, पाण्याचा पेलाही वेगळा. २० मार्च १९२७ रोजी महाडला ज्यांच्या पूर्वजांनी ओंजळीने पाणी प्याले, त्या समाजातील कुणाच्या घरी तरी हा वेगळा पेला नसावा. चक्कर येऊन बाई पडली तर तिच्या हातातले बाळही पडते, एवढे तरी कळायला धम्माचा अभ्यास लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परत येण्याचा अधिकार. ‘सहापर्यंत वर येऊ नकोस, घरात पाहुणे आहेत’, ‘मला झोपायचे आहे, तासभर फिरव’, अशा सूचना सर्रास दिल्या जातात. बाळ लाल झाले, किरकिरू लागले, तर कुणाला न विचारता घरी यायचे, हे कामावर ठेवतानाच ठरले पाहिजे. जिला बोलणी बसण्याची भीती आहे ती उन्हात थांबून राहील. बाळाची काळजी नाही म्हणून नव्हे, तर नोकरीची आहे म्हणून. ज्या पालकांनी घराची किल्ली किंवा दार उघडणारे माणूस बाईसाठी ठेवले नाही त्यांनी बाळाला टोपी घालण्याचे उपदेश करू नयेत. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतीच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मातेची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे असे मांडले होते. बाळ ही एकट्या आईची किंवा एकट्या आयाची जबाबदारी नाही, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

धोक्याची लक्षणे

बाळ नेहमीपेक्षा सुस्त पडले, दूध ओढेना, तोंड कोरडे पडले, रडताना डोळ्यांत पाणी येईना, टाळू खोल गेली, दिवसभरात सहापेक्षा कमी बाळोती ओली झाली, तर अंगातले पाणी कमी झाले आहे असे समजावे. ताबडतोब सावलीत आणावे, कपडे सैल करावे, दूध पाजावे आणि डॉक्टरांना दाखवावे. सहा महिन्यांवरील बाळाला जलसंजीवनीचे पाणी चमच्याने थोडे थोडे देता येते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पुडी विरघळवावी.

अंग चटका बसेल इतके गरम झाले, बाळ हाक मारूनही डोळे उघडेना, झटके आले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तोंडात काही घालू नये. कपडे काढून साध्या पाण्याने अंग ओले करीत वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटेतही वारा घालणे थांबवू नये. बर्फाच्या पाण्यात बाळाला बुडवू नये. खिशात कांदा ठेवल्याने लू लागत नाही, हा विदर्भातला जुना समज आहे. कांद्याने अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर बाळाला बाहेर काढू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल तर तो उन्हाचा असेल असे घरी ठरवत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

आपले उत्सव

शेवटी एक घरचा विषय. आपले दोन मोठे दिवस, १४ एप्रिलची जयंती आणि वैशाख पौर्णिमा, ऐन उन्हाळ्यात येतात. मिरवणुकीत, मंडपात कडेवर बाळ घेतलेल्या माता आणि आया शेकड्यांनी असतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जण दगावले, तीही मोठी माणसे होती. तेव्हा कार्यक्रम ठरविणाऱ्यांनी पत्रिका छापण्यापूर्वी वेळेचा विचार करावा. वंदना सकाळी आठच्या आत, भाषणे आणि मिरवणूक सूर्य मावळल्यावर. मंडपाला प्लास्टिकच्या कापडाऐवजी जाड सुती कनात, आणि चारही बाजू मोकळ्या. मंडपालगतची एक खोली मातांसाठी राखून ठेवावी, तेथे पंखा, पिण्याचे पाणी, जलसंजीवनीच्या पुड्या आणि दूध पाजण्यासाठी आडोसा असावा. खोली कुठे आहे हे ध्वनिक्षेपकावरून तासातासाला सांगावे, आणि तिच्या दाराशी बसण्यासाठी महिला मंडळातील दोघींची नावे आदल्या दिवशीच लिहून ठेवावीत.